न उच्चारलेला परवलीचा शब्द

अलीबाबा आणि चाळीस चोर यांची गोष्ट ज्याने ऐकली नाही असा मुलगा विरळाच. डोंगरातील त्या गुहेचे दार तिळाचे नाव घेताच उघडत असे. चोरांचा नायक ते नाव मोठ्याने घेई. झाडावर लपून बसलेल्या अलीबाबाने ते ऐकले, आणि एका गरीब मोळीविक्यास अपार संपत्तीचे दार मोकळे झाले. पुढे त्याचा भाऊ कासीम हाच शब्द पाठ करून गुहेत शिरला. परंतु आतील सोने पाहून त्याची मती इतकी गुंग झाली, की बाहेर पडण्याच्या वेळी त्यास तो शब्द काही केल्या आठवेना. एकामागून एक इतर धान्यांची नावे त्याने घेतली. तीळ मात्र त्याच्या ओठांवर आला नाही. अखेर परत आलेल्या चोरांच्या हाती तो सापडला.

परवलीच्या शब्दाचे दोन मोठे दोष या गोष्टीत जितके स्वच्छ दिसतात, तितके अन्यत्र क्वचितच दिसत असतील. ज्याला तो कळू नये त्याला तो कळतो, आणि ज्याला तो आठवावा त्याला आठवत नाही. शिवाय गुहेचे ते दार मोठे भोळे. शब्द बरोबर असला म्हणजे झाले. तो उच्चारणारा चोरांचा नायक आहे की मोळीविक्या आहे, याची त्यास पर्वा नव्हती.

सैन्याच्या छावणीत मात्र असा भोळेपणा परवडण्यासारखा नसतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने रोमन छावणीतील व्यवस्थेचे वर्णन करून ठेवले आहे. रोज सूर्यास्ताच्या सुमारास नेमलेले शिपाई अधिकाऱ्याच्या तंबूपाशी जात. तेथे त्यांना त्या रात्रीचा परवलीचा शब्द लिहिलेली लाकडाची पाटी मिळे. शिपाई ती आपल्या तुकडीत घेऊन जाई. तेथून साक्षीदारांसमक्ष ती शेजारच्या तुकडीच्या नायकाकडे, त्याच्याकडून पुढच्या तुकडीकडे, असे होत होत पाटी अंधार पडण्यापूर्वी मूळ अधिकाऱ्याकडे परत आलीच पाहिजे, असा नियम होता. एखादी पाटी आली नाही, तर तिच्यावरील खुणेवरून ती कोठे अडली ते तत्काळ कळे आणि कसूर करणाऱ्यास शासन होई. या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की पाटी रोज नवी निघे. काल रात्री शत्रूच्या हेराने कुंपणापलीकडून शब्द ऐकला असला, तरी आज तो त्याच्या उपयोगाचा नव्हता.

संगणकाने मनुष्यापासून परवलीचा शब्द उसना घेतला. परंतु रोज शब्द बदलण्याचे हे शहाणपण मात्र घेतले नाही.

संगणकास अशा शब्दाची गरज का पडावी, हे समजण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेकडे वळले पाहिजे. त्या काळी संगणक म्हणजे एक मोठे दालन व्यापणारे, अतिशय महागडे यंत्र असे, आणि एका वेळी एकाच मनुष्याचे काम ते करी. तेथील शास्त्रज्ञ फर्नांडो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली एक नवी व्यवस्था चालवून दाखविली. तिच्यामुळे अनेक जण आपापल्या जागी बसून एकाच यंत्राचा वेळ वाटून घेऊ लागले. यंत्र एक आणि मालक अनेक, तेव्हा प्रत्येकाचे कागद निराळे कसे राखावयाचे? कोर्बातो यांनी प्रत्येकास एक गुप्त शब्द दिला. तो सांगितल्यावाचून यंत्र कोणाचेही दप्तर उघडीत नसे. संगणकाला परवलीचा शब्द विचारावयास शिकविणाऱ्या पहिल्या व्यवस्थांपैकी ही एक होय.

हा उपाय एक वर्षही निर्धोक टिकला नाही. १९६२ च्या वसंतऋतूत ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्यास यंत्रावरील वाट्याचा वेळ अपुरा पडू लागला. सर्वांचे परवलीचे शब्द यंत्रात एका ठिकाणी साठविलेले आहेत, हे त्यास ठाऊक होते. ती यादी छापून मिळावी अशी मागणी त्याने छिद्रे पाडलेल्या कार्डावरून यंत्राकडे पाठविली, आणि आज्ञाधारक यंत्राने ती त्यास छापून दिली. मग दुसऱ्यांच्या वाट्याचा वेळ वापरणे काय कठीण? ही हकीकत त्याने स्वतःच पुढे अनेक वर्षांनी सांगितली. १९६६ साली तर याहून विलक्षण प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळी टिपणे दुरुस्त करीत होते. एक होते सर्वांच्या स्वागताचे, आणि दुसरे होते परवलीच्या शब्दांचे. यंत्राच्या गफलतीने दोहोंची अदलाबदल झाली आणि जो कोणी काम करण्यास बसे, त्याच्यापुढे स्वागताऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द येऊ लागले! आपल्या या युक्तीने पुढे लोकांच्या डोक्यास किती ताप होऊन बसला, हे वृद्धपणी खुद्द कोर्बातो यांनीही मान्य केले होते. २०१९ साली ते निवर्तले.

दोष केवळ यंत्राचा होता असे नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन या दोन संगणकतज्ज्ञांनी १९७९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोक परवलीचा शब्द कसा निवडतात, हे पाहण्यासाठी त्यांनी ३,२८९ शब्द तपासले होते. त्यांतील १५ शब्द एकाच अक्षराचे होते. ७२ दोन अक्षरांचे, तर ४६४ तीन अक्षरांचे होते. आणखी ४९२ तर शब्दकोशात, नावांच्या यादीत किंवा तशाच इतर याद्यांत सापडले. एकंदरीत शंभरांपैकी ८६ शब्द थोड्याशा खटपटीने ओळखता येण्याजोगे निघाले. मनुष्याची स्मरणशक्ती सोपे तेच धरून ठेवते, आणि जे सोपे ते चोरालाही सोपे असते.

मग शब्द कठीण करावा, त्यात मोठी अक्षरे, लहान अक्षरे, आकडे आणि चिन्हे घालावी, असा दंडक आला. याचा परिणाम काय झाला, हे कोणत्याही कचेरीत पाहावयास मिळते. समजा, एखाद्या पतपेढीतील लेखनिक सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसला आहे. तो मधून मधून तिजोरीकडे जातो, व्यवस्थापकाची सही आणावयास उठतो. प्रत्येक वेळी संगणक मिटतो आणि परत आल्यावर बारा अक्षरांचा परवलीचा शब्द मागतो. समोर खातेदारांची रांग ताटकळत उभी असते. चार दिवसांत तो शब्द कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिला जातो आणि ते चिटोरे कळफलकाखाली जाऊन बसते. आठ दिवसांत तो शेजारच्या दोघांनाही सांगितला जातो. पुढे कधी हिशेबात खोट निघाली, तर संगणक त्या एकट्या लेखनिकाचेच नाव सांगणार. नोंद त्याच्या शब्दाने झालेली आहे. ती कोणाच्या हाताने झाली, हे संगणकास कसे कळावे? सोय आणि सुरक्षितता यांचे वैर पडले, म्हणजे सोयच जिंकते आणि तिची किंमत एखादा निरपराध मनुष्य देतो.

ओळख पटविण्याचे शब्दावाचून दुसरे मार्ग नाहीत असे नाही. रामाचा निरोप घेऊन हनुमान अशोकवनात गेला, तेव्हा सीतेस त्याची खातरी कशी पटावी? रावणाच्या मायेचा तिने आधीच एकदा अनुभव घेतला होता. हनुमानाने रामनामांकित अंगठी तिच्या हाती दिली आणि तिचा संशय फिटला. येथे खूण शब्दाची नसून वस्तूची आहे. सीता मात्र परतीच्या वेळी एक पायरी पुढे गेली. तिने आपला चूडामणी तर दिलाच. शिवाय चित्रकूटावर एका कावळ्याने दिलेल्या त्रासाचा प्रसंगही सांगितला. तो रामाखेरीज दुसऱ्या कोणास ठाऊक असण्याचा संभव नव्हता. एक वस्तू आणि एक गुपित, अशी दुहेरी खूण तिने पाठविली. आजच्या बँकाही पैसे देताना कार्ड आणि गुप्त आकडा अशा दोन खुणा मागतात.

परंतु वस्तूच्या खुणेलाही तिचा स्वतःचा धोका असतो. कालिदासाच्या नाटकातील शकुंतलेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडली, आणि शापामुळे स्मृती गमावलेल्या दुष्यंतापुढे तिच्यापाशी एकही खूण उरली नाही. शब्द विसरतो; वस्तू हरवते.

आजच्या मनुष्यापाशी अंगठीहूनही अधिक वेळ अंगाशी राहणारी एक वस्तू आहे. ती म्हणजे स्मार्टफोन, किंवा रोजच्या बोलण्यातील मोबाइल. तो खिशात असतो, उशाशी असतो; घरी विसरला तर मनुष्य अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. शिवाय अंगठीला जे साधत नाही ते यास साधते: तो हिशेब करू शकतो आणि प्रश्नास उत्तर देऊ शकतो. तेव्हा संगणकाने मालकास शब्द विचारण्याऐवजी त्याच्या खिशातील मोबाइलशीच परस्पर बोलून घ्यावे, अशी कल्पना निघाली. मालक जवळ आला की संगणक उघडावा. कळफलकास हात लावावयास नको.

पहिल्या प्रयत्नांत ही कल्पना फारच बाळबोध रीतीने अमलात आली. मोबाइलमधील ब्लूटूथ या बिनतारी यंत्रणेस स्वतःचा एक पत्ता असतो, आणि ती आपल्या अस्तित्वाची वर्दी देऊ शकते. काही हौशी लोकांनी असा कार्यक्रम रचला, की तो ठराविक पत्ता जवळपास आढळला की संगणक उघडावा आणि तो नाहीसा झाला की मिटावा. हा प्रकार लाल पागोटे दिसताच मालक आला असे समजून वाड्याचा दरवाजा उघडणाऱ्या देवडीवाल्यासारखा झाला. पागोटे कोणीही घालू शकतो, आणि ब्लूटूथचा पत्ताही कोणी ऐकून त्याची नक्कल करू शकतो.

खरी युक्ती याहून पुष्कळ खोल आहे. ती नीट समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. परंतु ते गुणाकार आणि भागाकार यांपलीकडचे नाही. प्रारंभी मालक परवलीचा शब्द टंकून संगणक उघडतो आणि मोबाइलशी त्याची एकदाच ओळख करून देतो. दोन्ही पडद्यांवर सहा अंकी आकडा येतो. तो दोन्हीकडे सारखाच आहे हे मालकाने डोळ्यांनी पाहून मान्य करावयाचे असते. या ओळखीच्या वेळी मोबाइल आपल्या पोटात एक गुप्त संख्या निर्माण करतो आणि तिच्या जोडीची जाहीर संख्या तेवढी संगणकाच्या स्वाधीन करतो. गुप्त संख्या मोबाइलबाहेर कधीच जात नाही.

समजा, गुप्त संख्या ७ आहे आणि संगणकास दिलेल्या जाहीर संख्या ३३ व ३ या आहेत. आता मालक कामावर आला. संगणक मनास येईल ती एक संख्या निवडतो, समजा ४, आणि मोबाइलला पाठवितो. मोबाइल ४ चा सातवा घात काढतो, म्हणजे ४ हा आकडा सात वेळा घेऊन त्यांचा गुणाकार करतो. तो गुणाकार १६,३८४ येतो. त्यास ३३ ने भागले असता बाकी राहते १६. हे १६ म्हणजे मोबाइलचे उत्तर. संगणक ते घेऊन त्याचा तिसरा घात काढतो. तो येतो ४,०९६. त्यास ३३ ने भागता बाकी उरते ४. जी संख्या विचारली होती तीच परत आली! तेव्हा उत्तर देणाऱ्याजवळ ७ ही संख्या असली पाहिजे, अशी संगणकाची खातरी पटते आणि तो उघडतो. दुसऱ्या वेळी तो ४ विचारणार नाही. कदाचित ५ विचारील. ५ चा सातवा घात ७८,१२५. त्याची बाकी १४. मग १४ चा तिसरा घात २,७४४ आणि त्याची बाकी पुन्हा ५. हे आकडे वहीत मांडून पाहावे. त्यांतील मौज केवळ वाचून कळणार नाही.

या संभाषणात एकही गुपित उघडे पडलेले नाही. कोणी हेर कान देऊन बसला असला, तरी त्याने ४ आणि १६ हे दोन आकडे ऐकले, इतकेच. उद्याचा प्रश्न निराळा असल्यामुळे आजचे १६ उद्या निरुपयोगी ठरेल. रोमन अधिकारी रोज नवी पाटी काढीत. येथे दर खेपेस नवी पाटी निघते. इतकेच नव्हे, तर ॲलन शेरप्रमाणे कोणी संगणकातील यादीच छापून घेतली, तरी त्यात त्याला ३३ आणि ३ एवढेच सापडतील, आणि ते तर जाहीरच आहेत. चोरण्याजोगी वस्तू संगणकाच्या घरात ठेवलेलीच नाही.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, की ३३ म्हणजे ३ गुणिले ११, आणि एवढे कळले की हिशेबाने ७ शोधून काढता येतात. हे अगदी खरे आहे. म्हणून प्रत्यक्ष व्यवहारात ३३ सारखी लहानशी संख्या घेत नाहीत. या पद्धतीत सर्रास वापरली जाणारी संख्या ६१७ अंकी असते. दोन प्रचंड संख्यांचा गुणाकार करणे सोपे. परंतु केवळ गुणाकार हाती देऊन मूळच्या दोन संख्या ओळखावयास सांगितले, तर आजच्या बलाढ्य संगणकांनाही ते साधत नाही. गुप्त आणि जाहीर अशा जोडकिल्ल्यांची कल्पना व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली जगापुढे मांडली, आणि वर दिलेला हिशेब रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी १९७७ साली बसविला. पुढे त्याच कामासाठी आणखीही गणिते निघाली, आणि लहान संख्यांवर भागणारी असल्यामुळे मोबाइलमध्ये बहुधा तीच वापरतात. काही व्यवस्थांत तर जोडकिल्ली नसून दोन्हीकडे एकच गुप्त संख्या ठेवलेली असते. परंतु दर वेळी नवा प्रश्न आणि त्यास नवे उत्तर, हे तत्त्व सर्वत्र एकच.

ज्या लहरींवरून हे संभाषण चालते, त्यांच्या नावाचीही एक गंमत आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या टोपणनावाचा अर्थ निळा दात असा होतो. त्याने विखुरलेले डॅनिश लोक एका छत्राखाली आणले. निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांना एका भाषेत बोलावयास लावणाऱ्या नव्या तंत्रास त्याचेच नाव द्यावे, असे त्याच्या कर्त्यांना वाटले. ब्लूटूथची ती खूण म्हणजे या राजाच्या नावाची दोन प्राचीन अक्षरे एकमेकांत गुंफून केलेली आहे.

गुपिताचा प्रश्न याप्रमाणे सुटला. परंतु त्याच्या जागी एक नवाच प्रश्न उभा राहिला, आणि तो पहिल्याहून कमी अवघड नाही. मोबाइल खरा आहे हे कळले. पण तो जवळ आहे कशावरून?

लहरी जोरदार आल्या तर मोबाइल जवळ आणि क्षीण आल्या तर दूर, असे मानणे साहजिक होते. परंतु मनुष्याच्या शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. मोबाइल मागच्या खिशात असला, तर हातभर अंतरावरील मालकही संगणकास दूर गेल्यासारखा वाटतो. उलट पातळ भिंतीपलीकडे चहा घेत बसलेल्या मालकाचा मोबाइल जवळ आहेसे वाटून संगणक दुसऱ्याच कोणापुढे उघडा राहतो. याहून वाईट म्हणजे, दोन चोरांनी संगनमत करावे, एकाने संगणकाजवळ आणि दुसऱ्याने बाजारात फिरणाऱ्या मालकाजवळ एकेक यंत्र घेऊन उभे राहावे, आणि संगणकाचा प्रश्न व मोबाइलचे उत्तर एकमेकांकडे पोचते करावे, असेही करता येते. उत्तर अगदी खरे असते; खोटे असते ते केवळ अंतर. २०२२ साली ब्रिटनमधील एका सुरक्षासंस्थेच्या संशोधकाने मोबाइलने उघडणाऱ्या मोटारगाडीवर हा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखविला होता.

यावर उपाय शोधणाऱ्यांनी लहरींचा जोर मोजणे सोडून त्यांना लागणारा वेळ मोजण्यास सुरुवात केली. जोर वाढविता येतो. परंतु वेळ कमी करता येत नाही, कारण प्रकाशाहून वेगाने काहीच जात नाही. बिनतारी लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जांशात सुमारे ३० सेंटिमीटर. प्रश्न पाठविल्यापासून उत्तर येईपर्यंतचा काळ इतक्या बारकाईने मोजला, की बाजारातून फिरून आलेले उत्तर उशिरा आले हे तत्काळ उघडकीस येते. २०१६ साली ॲपल कंपनीने मनगटावरील घड्याळाने संगणक उघडण्याची सोय आणली, तेव्हा तिने अंतर ठरविण्यासाठी हाच मार्ग स्वीकारला. सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ब्लूटूथच्या सहाव्या आवृत्तीत अंतर अचूक मोजण्याची तरतूद करण्यात आली.

आणखी एक शंका उरते. मोबाइल खरा आहे आणि जवळही आहे. पण तो मालकाच्याच हाती आहे का? याचे उत्तर संगणकास देता येत नाही. ते मोबाइलला स्वतःच द्यावे लागते. म्हणून चांगल्या व्यवस्थेत मोबाइल स्वतः उघडलेला असल्यावाचून तो उत्तर देत नाही, आणि तो उघडतो मालकाच्या बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने. ठशांच्या या विद्येचा भारताशी जुना संबंध आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारपत्रावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. करार पुढे नाकारला जाऊ नये, हा हेतू. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी स्थापन झाली, आणि हजारो ठशांतून हवा तो चटकन शोधण्यासाठी त्यांचे वर्गीकरण करण्याची जी रीत तेथे रूढ झाली, तिचे पुष्कळसे श्रेय अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांकडे जाते. मोबाइलमधील ठसा मात्र कोणत्याही कचेरीत जात नाही. २०१३ पासून नावाजलेल्या मोबाइलमध्ये यासाठी एक स्वतंत्र बंदिस्त कप्पा ठेवण्यात येऊ लागला. मोबाइलचे इतर कार्यक्रमही त्यात डोकावू शकत नाहीत. ठसा जुळला की नाही, एवढेच त्यांना कळते.

हे सर्व तंत्र एका दिवसात लोकांच्या हाती आले नाही. २०१४ साली गूगलने आपल्या क्रोमबुक संगणकासाठी मोबाइलने उघडण्याची योजना जाहीर केली. २०१७ साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये याच्या उलट बाजूची सोय आली: मालकाचा मोबाइल पल्ल्याबाहेर गेला, की थोड्या वेळाने संगणक आपोआप मिटावा. उघडण्याचे काम ती करीत नाही. वरवर पाहता ही सोय निम्मीच वाटते. परंतु तिचे मोल अधिक आहे असे म्हटल्यास चूक होणार नाही. पतपेढीतील त्या लेखनिकाचे नुकसान संगणक उघडण्यास वेळ लागल्याने तितकेसे होत नाही. तो उठून गेल्यावर संगणक उघडा राहिल्याने त्याचे खरे नुकसान होते. २०२२ साली ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी एकत्र येऊन परवलीच्या शब्दाऐवजी जोडकिल्लीचा पुरस्कार करण्याचे ठरविले. तेव्हापासून संगणकाच्या पडद्यावर एक चौकोनी नक्षी उमटावी, मोबाइलने ती टिपावी, ब्लूटूथने जवळपणाची साक्ष द्यावी आणि बोटाच्या ठशाने खाते उघडावे, ही रीत पसरू लागली.

असे असूनही परवलीचा शब्द अगदीच हद्दपार झालेला नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, की बहुधा तो एकदा तरी शब्द मागतोच. कारण अनेक संगणकांतील मजकूर सांकेतिक रूपात साठविलेला असतो, आणि तो उलगडण्याची किल्ली त्या शब्दाच्याच आधारे मिळते. कुलूप घातलेल्या घरात बसून दाराची कडी काढणे निराळे आणि बाहेरून कुलूप उघडणे निराळे, तसाच हा भेद आहे. मोबाइल कडी काढतो.

मोबाइल हरवला किंवा चोरीस गेला, तर तेव्हाही हाच शब्द उपयोगी पडतो. मालकाने शब्द टंकून संगणक उघडावा आणि ओळखीच्या यादीतून त्या मोबाइलचे नाव काढून टाकावे. जोडकिल्लीच्या पद्धतीत नाव काढताच संगणक आपल्याजवळची जाहीर संख्या पुसून टाकतो. हरवलेल्या मोबाइलच्या पोटातील गुप्त संख्या जशीच्या तशी राहते. परंतु तिच्या उत्तराचा पडताळा पाहणारे आता कोणी उरलेले नसते. शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटातून निघाली, तेव्हा तिच्याबरोबर राजाची स्मृतीही परत आली. येथे तसे होत नाही. एखाद्या सज्जनाने तो मोबाइल आणून दिला, तरी संगणक त्यास ओळख देत नाही. पुन्हा शब्द टंकून, दोन्ही पडद्यांवरील सहा अंक जुळवून, त्यांची नव्याने ओळख करून द्यावी लागते.